अंगावरनं गेलेलं वारं

११ एप्रिल

आणि वर म्हणते, मला वाऱ्यावर सोडून तुम्ही वाऱ्याच्या मागं लागला. भांडताना पण 'तुम्ही' म्हणते कावेरी, तेच जास्त लागतं. आता ह्याला काय उत्तर द्यायचं? नोकरी करतो बाई मी, नोकरी. गाडी चालवतो. गाडीच्या पाठीवर रडार आहे आणि ते वारं बघतं, ह्यात माझा काय गुन्हा? कोंबड्यांची गाडी चालवत होतो तेव्हा म्हणायची वासानं जीव जातो. गोव्यात हॉटेलात होतो तर म्हणे तिथं माणूस बिघडतो. हुबळीचं टायरचं दुकान मीच सोडलं, ते खरं. आता वारं आलं. त्याला वास नाही, रंग नाही, तर म्हणे ह्याला काय काम म्हणतात?

पण आज आवाज वेगळा होता तिचा. म्हणाली, आगोटीच्या आत काय ते ठरवा. म्हणजे पाऊस बसायच्या आत. एक तर गावाकडं या, नाही तर मला तिकडं न्या. दोन्ही नाही झालं तर तिचे वडील, विठोजी मामा, चार माणसं बसवणार आणि आमची गाठ सोडवणार. मी विचारलं, "हे मामा म्हणाले की तू म्हणतेस?" फोन बंद.

काजूच्या कारखान्यात जाते ती, बियांची सालं काढायला. बोटं काळी झाली असतील. ते विचारायचं राहिलं.

ही डायरी आमच्या गाडीत रडार बघणाऱ्या, पुण्याच्या मुग्धा मॅडमनी दिली. गेल्या सालची आहे. तारखा जुळतात, वार चुकतात. मला चालतंय.

१४ एप्रिल

इथं बेंगळुरात, मारतहळ्ळीत, आम्ही चौघं एका खोलीत राहतो. बाकीचे तिघं डिलिव्हरीवाले, कधी कोण झोपलेलं असतं कळत नाही. घरमालकीण महानंदाक्का आमच्याच बेळगावकडची, पण तीस वर्षं इथं काढून निम्मी कन्नड झालीय.

इथं नळाच्या पाण्याला कावेरी म्हणतात. नदीचं आहे म्हणून. बोअरचं वेगळं, कावेरीचं वेगळं. एक दिवसाआड सकाळी येतं, आणि आलं की अक्का खालून ओरडते, "कावेरी बंतु!" म्हणजे कावेरी आली. पहिल्या दिवशी मी अंथरुणातनं उठून केस सारखे करून खाली गेलो होतो. सगळे बादल्या घेऊन आणि मी कंगवा घेऊन.

माझ्या नावाचं पण तसंच. गुंडू म्हणजे आमच्याकडं नाव. इथं गुंडू म्हणजे गोल. गाडीचे मोठे साहेब पद्मनाभ सर पहिल्या दिवशी हसले, म्हणाले, "गोल वारं शोधायला गोल माणूस. सरी!" सरी म्हणजे बरोबर.

१९ एप्रिल

कावेरीला सांगायचं होतं ते इथं लिहितो. फोनवर सांगता येत नाही, मध्येच तिसरंच निघतं.

आमची गाडी म्हणजे लहान ट्रक. मागं एक मोठी पांढरी थाळी. गाडी उभी केली की मी चार लोखंडी पाय खाली सोडतो, गाडी त्यांच्यावर उचलतो आणि काचेच्या नळीतला बुडबुडा मध्ये आणतो. बुडबुडा मध्ये आला की मॅडमना हात दाखवायचा. मग थाळी फिरायला लागते. आवाज असा येतो, जशी शेजारच्या घरात कोणतरी बाई जात्यावर बसलीय आणि मधली भिंत जाड आहे.

आम्ही वावटळी धरतो. उन्हात जमिनीवरनं उठते ती नाही, ती कुठल्याही मैदानात मिळते. सरांना ढगाला चिकटलेली पाहिजे. वरनं ढग, खालनं माती, मध्ये दोरी. सर तिला सुंटरगाळी म्हणतात, मॅडम टोर्नॅडो म्हणतात. आणि ती पण मोठी नको, फुसकी पाहिजे. मी विचारलं, मोठी का नको? सर म्हणाले, मोठ्यांच्या मागं सगळं जग आहे. फुसकी येते, कुणाच्या तरी शेडचे पत्रे नेते आणि कुणी बघायच्या आत मरते. तिच्या पोटात वारं कसं रचलेलं असतं ते कुणाला नीट माहीत नाही.

मला बरं वाटलं. फुसक्याला विचारणारं कुणीतरी आहे.

स्क्रीनवर वारं रंगात दिसतं. आमच्याकडं येणारं हिरवं, आमच्यापासनं जाणारं लाल. सगळं आभाळ हिरवं असलं तर काही नाही, सगळं लाल असलं तरी काही नाही. पण एक हिरवा ठिपका आणि एक लाल ठिपका एकमेकांना चिकटून बसले, की मॅडम खुर्चीवरनं उठतात. म्हणजे तिथं ते फिरतंय. मी म्हटलं, एक येतंय, एक जातंय, मग दोन वारी झाली की. मॅडम म्हणाल्या, "नाही रे, एकच आहे. आपण एका जागी उभे आहोत ना, म्हणून आपल्याला दोन दिसतात."

२३ एप्रिल

काही नाही. कोलारच्या रस्त्याला दिवसभर उभे. ढग आले, बसले, उठून गेले. दुपारी केबिनमध्ये डोळा लागला. स्वप्नात आभाळ खाली आलं होतं आणि मी त्याला चार पाय लावत होतो. बुडबुडा काही मध्ये येईना.

२ मे

आज कावेरीचा फोन. आपणहून. मला वाटलं भांडायला केला असेल.

म्हणाली, "दुपारी वारं सुटलं होतं इकडं. काजूच्या बागेतनं आलं, मारुतीच्या देवळापर्यंत गेलं आणि परत फिरलं."

मी म्हटलं, "बरं."

म्हणाली, "पहिलं उगवतीकडनं होतं, मग एकदम गार झालं आणि मावळतीकडनं आलं."

"पत्रे उडाले काय?"

"नाही."

"मग काय झालं?"

"काय नाही झालं. वारं सुटलं होतं म्हणून सांगितलं."

मग म्हणाली, ठेवते. आता ह्या बाईला काय पाहिजे होतं? पत्रे उडाले नाहीत, कौल फुटलं नाही, तरी फोन करून तक्रार. परवा पण असंच, ढग कुठल्या रंगाचा होता ते सांगत होती. बॅलन्स काय फुकट येतो?

९ मे

चिक्कबळ्ळापूरच्या पुढं एक ढग धरला. त्याच्या बुडाला लोंबतं थान होतं. मॅडम उभ्या राहिल्या, सर उभे राहिले, मी पाय सोडले. आणि ते थान हळूहळू परत ढगात गेलं. मॅडम म्हणाल्या, "शी!" एवढंच. पुण्याची माणसं शिवी पण मोजून देतात.

येताना सर म्हणाले, पाऊस सुरू झाला की ह्या वर्षीचं संपलं. म्हणजे त्यांची पण आगोट आणि माझी पण आगोट. त्यांना ढग पाहिजे, मला कावेरी. मी कावेरीला काय सांगू, चौघांच्या खोलीत ये म्हणून? आणि गावाकडं गेलो तर काय करू? गेलो की चार दिवसांत पाय वळवळायला लागतात. इथं मात्र एक मजा आहे. दिवसभर एका जागी उभं राहून पण मी कुठंतरी चाललोय असं वाटतं. हे तिला कसं सांगायचं?

१६ मे

गावली.

हात दुखतोय, तरी लिहितो, नाही तर उद्या खोटं वाटेल.

होसकोटेच्या पलीकडं एक कोरडं तळं आहे. तळ्यात मुलं क्रिकेट खेळतात, एका बाजूला विटांची भट्टी. दुपारी ढगाचं बूड काळं झालं आणि मध्येच गोल फिरायला लागलं, जसं कोणतरी आतनं पिठात हात फिरवतंय. मॅडम ओरडल्या, "गुंडू, इथेच लाव! इथेच! लेव्हल कर पटकन!" मी तळ्याच्या कडेला गाडी घातली, पाय सोडले. चौथा पाय मऊ मातीत थोडा रुतला. बुडबुडा मध्ये आलाय असं मला वाटलं. हात दाखवला.

तळ्यातनं लाल माती उठली. पहिल्यांदा फक्त एक चिमूट. मग बारीक दोरी, ढगाला कुणीतरी खालनं नाडी बांधल्यासारखी. ती सरळ नव्हती, लाजत लाजत येत होती. मुलं पळाली. एक स्टंप राहिला होता, तो उठून उभ्यानं चालत गेला.

थाळी फिरत असताना केबिनमधनं उतरायचं नाही, हा नियम आहे. मी उतरलो. का उतरलो विचारलं तर माहीत नाही. गोव्यातनं का आलास, हुबळी का सोडलीस, तसंच हे.

ती माझ्याकडंच आली. पहिलं डावीकडनं, अशी की गाडीचं दार माझ्या डाव्या कोपरावर आपटलं. तोंडात माती, डोळ्यांत माती. मग एक घासभर शांत. खरंच शांत. माझ्यासमोर एक निळी पिशवी हवेत उभी होती, हळूहळू वळत होती, बसची वाट बघणाऱ्या बाईसारखी इकडं बघ, तिकडं बघ. उजेड तांबडा. माझ्या छातीत काही नव्हतं, भीती पण नाही. तिथं कुणी नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मग उजवीकडनं धक्का आला, तो हलका होता, आणि ती गेली. भट्टीपर्यंत गेली आणि विझली.

मॅडम आणि सर स्क्रीनला चिकटलेले. मी गाडीच्या आडोशाला बसलो आणि पहिल्यांदा फोनमध्ये आवाज भरून कावेरीला पाठवला. तोंडातनं अजून माती निघत होती, जीभ जड झालेली. तरी सगळं सांगितलं. म्हटलं, "कावेरी, माझ्या अंगावरनं वारं गेलं गं. डाव्या बाजूनं. डावा हात उचलंना झालाय. तोंडातनं शब्द धड फुटंना. पण घाबरू नकोस, माणसं आहेत संगट. लई भारी वाटलं."

एवढं सांगितलं आणि फोन बंद पडला. चार्जिंगच्या भोकात माती गेलीय.

१७ मे

फोन दुरुस्तीला टाकला. म्हणतो, नाळे. इथं सगळ्या दुकानांचं उद्या म्हणजे नाळे, आणि ते नाळे कधी येत नाही.

मॅडमनी चित्र दाखवलं. हिरवं आणि लाल, चिकटून. हिरवं गडद, लाल अगदी फिकं. मी विचारलं, लाल असं का आजारी? सरांनी सांगितलं, फुसकीचं हेच असतं. ती फिरते पण आणि पुढं पण जाते. ज्या बाजूला फिरणं आणि जाणं एकाच दिशेला, तिथं जोर. ज्या बाजूला दोन्ही एकमेकांच्या उलटं, तिथं सगळा जोर आपसातच संपतो.

पण जमिनीलगतचं वारं, जे त्यांना सगळ्यात जास्त पाहिजे होतं, माणसाच्या उंचीचं, ते चित्रात पुसट आलंय. गाडी एका अंगाला कलली होती. चौथा पाय. सर मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मॅडम म्हणाल्या गणित करून कलणं काढता येईल, पण सगळा पावसाळा जाईल त्यात.

कावेरीनं आवाज ऐकला असेल. फोन नसल्यामुळं तिचं उत्तर काय ते कळेना. बहुतेक म्हणेल, बरं झालं, आता तरी हौस फिटली?

१९ मे

सकाळी अक्का खालनं ओरडली, "गुंडू! कावेरी बंदळु!"

पाण्याचा दिवस. मी दोन बादल्या उचलल्या आणि जिना उतरलो. खाली आल्यावर डोक्यात उजेड पडला, की पाण्याला बंतु म्हणतात. बंदळु बाईला.

फाटकात कावेरी उभी. मागं विठोजी मामा, धोतर रात्रभराच्या बसनं चुरगळलेलं, हातात तेलाची बाटली फडक्यात गुंडाळलेली. दोघं माझ्या डाव्या हाताकडं बघत होते. डाव्या हातात बादली होती.

मामा म्हणाले, "ठेव ती खाली. हात वर कर."

केला. कोपर अजून निळं आहे, पण हात गेला वर.

"दुसरा. आता जीभ काढ."

काढली.

"मी कोण?"

"मामा."

"नाव?"

"विठोजी मामा."

मामा कावेरीकडं वळले. "ह्याला काय झालंय? रेड्यासारखा हाय. अंगावरनं वारं गेलं म्हणून निरोप धाडतोय!"

तेव्हा मला कळलं मी काय बोललो ते. आमच्या धाकट्या काकाच्या अंगावरनं वारं गेलं होतं. तीन वर्षं खाटेवर होता, आणि तोंडातनं शब्द फुटत नव्हता. देवा. जन्मभर ऐकलेलं वाक्य, आणि माझ्याच तोंडातनं निघताना मला ओळखता आलं नाही.

"आणि शेवटाला म्हणतोय, लई भारी वाटलं," मामा अक्काला सांगत होते. "म्हटलं, मेंदूत पण गेलं."

अक्का हसून हसून भिंतीला टेकली. कावेरी उलट्या बादलीवर बसली आणि तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. मला वाटलं ती पण हसतेय, म्हणून मी पण हसलो. मामा म्हणाले, "हसतोस काय गाढवा? तिला पाणी दे."

ते तेल खानापूरच्या एका वैद्याचं. कोंबडी विकून आणलंय म्हणे. मामा म्हणाले, वाया घालवायचं न्हाई. मला अक्काच्या पडवीत पालथं घातलं आणि चोळायला बसले. धडधाकट माणसाला. त्यांचे हात म्हणजे फळ्या. तेलाला लसणाचा आणि कसला तरी जंगली वास. चोळता चोळता विचारत होते, ते वारं कसं असतंय, कुठनं येतंय. मी जमिनीत तोंड घालून हिरवं-लाल सांगितलं.

"म्हंजे येणारं आणि जाणारं एकच?"

"होय मामा."

मामा पाठीवर जरा थांबले. मग परत चोळायला लागले, पण हळू.

अक्कानं सगळ्यांना उप्पीट दिलं. "स्वल्प खावा की. बसनं आलाय, पोटात काय नसंल."

कावेरी आमची खोली बघून आली. तिघं डिलिव्हरीवाले झोपलेले, दोरीवर चौघांचे कपडे. म्हणाली, गाडी बघायची आहे.

गाडी शेडमध्ये होती. मॅडमनी तिला आत बसवलं, खुर्ची दिली, ते चित्र लावलं. कावेरीनं विचारलं, "ह्यात हे कुठं उभे होते?"

मॅडमनी बोट दाखवलं. दोन रंगांच्या मध्ये, जिथं काहीच रंग नाही. कावेरीनं तिथंच बोट ठेवलं आणि ठेवूनच बसली. मामा माझी पाठ चोळत असताना तिनं बाटली धरली होती, म्हणून काचेवर तेलाचा ठसा उठला. मी पुसायला गेलो, तर मॅडम म्हणाल्या, "राहू दे रे." आणि बाहेर गेल्या. का गेल्या कुणास ठाऊक, काम तर तिथंच होतं.

मी कावेरीला म्हटलं, तू फोन करून तक्रार करायचीस तसं वारं नव्हतं हे.

ती म्हणाली, "तक्रार?"

"ते उगवतीकडनं आलं, मावळतीकडनं आलं म्हणायचीस ते."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही खरंच गोल आहात." हे नक्की अक्कानं शिकवलं तिला.

संध्याकाळच्या बसला सोडायला गेलो. मामा वर चढले. मी विचारलं, "मामा, ते चार माणसांचं?"

मामा खिडकीतनं म्हणाले, "त्यांना काय सांगायचं? जावयाच्या अंगावरनं वारं गेलंय, अजून उतार पडायचाय म्हणतो. आजारी माणसाची बैठक कोण बोलवतंय?"

कावेरी पायरीवर एक पाय ठेवून म्हणाली, "खोली बघा. आतनं कडी लागणारी." आणि चढली. रागात बोलली की कशी, गाडीच्या आवाजात कळलं नाही.

२४ मे

सरांनी बोलावलं. मला वाटलं, झालं, हिशेब. सर म्हणाले, पावसाळाभर गाडी शेडमध्ये राहणार, तिला बघणारं माणूस पाहिजे. पगार तोच. पुढच्या वर्षी मऊ मातीत पायाखाली फळी घाल. आणि परत उतरलास तर तुला तिथंच सोडून येऊ.

एका नोकरीचा दुसरा उन्हाळा मी कधी बघितलेला नाही. अक्काला विचारलं, गच्चीवर पत्र्याची खोली आहे ती रिकामी आहे का? म्हणाली, ॲडव्हान्स सगळे दहा महिन्याचा घेतात, तू एकाचा दे, आणि तुझ्या सासऱ्याला सांग, उरलेलं तेल पाठव, माझे गुडघे आहेत.

२८ मे

फोन आला दुरुस्त होऊन. खोलीला चुना मारला. कडी नवीन बसवली. रात्री गच्चीवरनं दूर कुठंतरी विजा दिसतात, आवाज नाही, नुसता उजेड, झोपेत कुणीतरी पापणी हलवावी तसा.

कावेरीचा आवाज आलाय, दोनदा ऐकला. "खिडकी कुठल्या बाजूला आहे? मावळतीला असेल तर पावसाची झड आत येते, पडदा जाड लागतो. ओटा आहे की जमिनीवरच स्वयंपाक? चूल कसली? अक्कांना शिलाई मशीन चालतंय का विचारा, पत्र्यावर आवाज होतो. आणि मी यायले असं काय समजू नका. विचारते आपलं."

बघा. अजून यायचं ठरलं नाही, तोवर खोलीला दहा नावं ठेवून झाली. येते की नाही, देव जाणे. मी काही विचारलं नाही, विचारलं की तिसरंच निघतं. नुसतं एवढं करतोय, की मामांच्या फोनवर बेळगाव ते बेंगळूर बसचं भाडं टाकतोय. एका माणसाचं, येण्याचं. परतीचं धरलेलं नाही. अकराशे रुपये.